धक्क्यावर माणूस आहे का?

पुण्याला समुद्र नाही, ही उणीव पुणेकरांना फारशी कधी जाणवलेली नाही. नदी आहे, कालवा आहे, आणि ही दोन्ही नीट पाहून झाल्यावर आणखी पाणी असावं असं कुणाला वाटत नाही. तरीही दोन हजार तीन सालच्या मार्चमध्ये कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, सात जण बसून जहाजाच्या धक्क्यांचे नियम संगणकात घालत होते.

धक्के अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरातले. तिथे जहाजांतून पेट्रोल, डिझेल आणि आणखी काही चटकन पेट घेणारी रसायनं यायची. असा माल धक्क्यावर उतरवण्याआधी प्रत्येक वेळी अग्निशमन दलाचा परवाना घ्यायचा, असा तिथल्या नगरपालिकेचा नियम होता. परवान्यासाठी एकतीस प्रश्नांचा अर्ज. आजवर तो कागदावर भरला जायचा, आता संगणकावर भरला जाणार होता. खाली लग्न असलं की वर मंगलाष्टकं ऐकू यायची, आणि त्या दिवशी अर्जात चुका जास्त निघायच्या.

अर्जाचं काम अपेक्षाकडे होतं. अपेक्षा दारव्ह्याची, यवतमाळ जिल्ह्यातली, वय चोवीस. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. टीममध्ये ज्यांनी पाहिला होता त्यांनी तो अलिबागला भेळ खाताना पाहिला होता, तेव्हा अनुभवात फार तफावत नव्हती.

ती कर्वेनगरात श्रीनिवास आणि वासंती खांबेटे यांच्याकडे राहायची. खोली माडीवर, जेवण खाली त्यांच्याबरोबर. खांबेटे परवाना निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर असल्या मालाची गोदामं तपासायची, एवढंच त्यांचं काम. खातं कुठलं ते सांगत नाही, तिथली बरीच मंडळी अजून पेन्शन घेतायत.

"एकतीस प्रश्न आहेत, काका," एकदा जेवताना अपेक्षा म्हणाली. "आणि दर जहाजाला तेच. भरून भरून माझी बोटं दुखली. ते लोक तर शिव्याच घालतील."

"उत्तरं तीच असतील तर पुन्हा लिहायची कशाला?" काका म्हणाले. "आम्ही रजिस्टरात मागच्या वर्षीच्या उत्तराखाली दोन बारीक रेघा द्यायचो. डिट्टो. एका दुपारात बावीस गोदामं केलीत मी."

"गोदामात जाऊन?" वासंतीबाईंनी भात वाढता वाढता विचारलं.

"आमटी छान झालीय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अपेक्षानं अर्जाच्या डोक्यावर एक बटण बसवलं. ते दाबलं की मागच्या जहाजाची एकतीसच्या एकतीस उत्तरं नव्या अर्जात उतरायची. टीममध्ये त्याला 'मागच्याप्रमाणे' म्हणत. चाळीस मिनिटांचं काम दोन मिनिटांवर आलं.

टीमचा प्रमुख पुष्कर. सदाशिव पेठेत वाढलेला. त्यानं बटण दाबून पाहिलं आणि "वाईट नाही" म्हणाला. अपेक्षानं तो दिवस डायरीत लिहून ठेवला. मग बंदरावरच्या अग्निशमन प्रमुखांना दाखवणं झालं. त्यांना बाकी काही कळलं की नाही कोण जाणे, पण बटण फारच आवडलं. ज्या मुलीनं हे केलं तिलाच इथे पाठवा, असं त्यांनी लिहिलं. कंपनीनं ठरवलं, सुरुवातीचे सहा आठवडे अपेक्षा तिथे जाईल.

दारव्ह्याला तिचे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. ते जगाचा नकाशा घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि त्या बंदराच्या जागी त्यांनी टाचणी टोचली. वासंतीबाईंनी दोन स्वेटर आणले. खांबेटे काकांची मान जरा ताठ झाली. त्यांची डिट्टोची रेघ सातासमुद्रापार निघाली होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची स्वतःची बदली वारज्यापलीकडे कधी झाली नव्हती.

"जरा वाचायला दे की ते नियम," ते अपेक्षाला म्हणाले. "बघू तरी, साहेबलोक काय विचारतात."

तिनं छापलेली प्रत दिली. काका तीन दिवस पेन्सिल घेऊन बसले. पहिले दोन दिवस मजेत होते. "हे बघ, धूम्रपान मना. हे बघ, वाळू. आपल्यासारखंच की." तिसऱ्या दिवशी दुपारी ते बोलेनासे झाले. चहा पुढ्यात निवून गेला. वासंतीबाईंनी येऊन पाहिलं तर एकोणिसाव्या प्रश्नाखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि तिच्यावरूनच पुन्हा पुन्हा मारत होते. कागद फाटायला आला होता.

प्रश्न साधा होता. माल उतरत असताना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, धक्क्यावर देखरेखीला शिकवलेला माणूस हजर आहे का? असल्यास त्याचं नाव.

"तिला सांगा," वासंतीबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"मला एकोणीस वर्षं सांगितलं नाहीत, मी काही म्हटलं नाही. व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिचं अजून व्हायचंय."

शनिवारी संध्याकाळी काकांनी अपेक्षाला गच्चीवर बोलावलं. स्वतः खुर्ची घेतली नाही, कठड्याला टेकून उभे राहिले.

"मंडईमागच्या एका बोळात थिनरचं गोदाम होतं," ते म्हणाले. "आमच्या रजिस्टरात एक रकाना होता. माल काढताना देखरेखीला माणूस. अठ्ठ्याहत्तर साली मी स्वतः गेलो होतो. माणूस होता. महिपती त्याचं नाव. वाळूची बादली शेजारी घेऊन स्टुलावर बसलेला. कुणी विडी काढली की लांबूनच ओरडायचा. मी नाव लिहिलं. पुढच्या वर्षी डिट्टो. त्याच्या पुढच्या वर्षी डिट्टो."

"किती वर्षं?"

"सहा. चौऱ्याऐंशी साली तिथे आग लागली. भर दुपारी. सोजरबाई म्हणून एक बाई आत रिकामे डबे धूत होती. थिनरनंच धुवायचे असतात ते. बाजूला कुणीतरी चहासाठी स्टोव्ह पेटवला. थांब म्हणायला कुणी नव्हतं."

अपेक्षा खुर्चीतून उठून कठड्यापाशी आली.

"बाई गेली," काका म्हणाले.

"आणि तो महिपती? तो कुठं होता?"

"चौकशी समितीलाही तेच हवं होतं. महिपती ऐंशी सालीच त्याच्या गावी वारला होता. मालकानं दुसरा माणूस नेमलाच नाही. कशाला नेमेल? कागदावर एक होताच. माझ्या रजिस्टरात तो चार वर्षं जास्त जगला."

"मग तुम्हाला काही...?"

"समितीनं लिहिलं, सदर इसम तपासकामी उपलब्ध होऊ शकला नाही. माझं रजिस्टर सुवाच्य आणि परिपूर्ण असल्याचा शेरा मिळाला. पुढच्या वर्षी बढती."

खाली रस्त्यावरून कॉलेजची पोरं मोटारसायकलींवर ओरडत गेली. अपेक्षानं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. पुण्यात दोन वर्षं राहून तिनं आपलं बोलणं घासूनपुसून घेतलं होतं, पण आता ते निसटलं.

"काका, हे त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"त्या दिवशी तू, लवकर कसं होईल ते विचारलंस. तेवढं मला येतं."

"त्या बटणासाठीच पाठवून राहिले ते मला. माझ्या बाबांनी अख्ख्या शाळेला सांगितलंय."

"माहीत आहे."

"मग मी काय करू?"

"मी निवृत्त माणूस आहे. मी काही कर म्हणत नाही." काकांनी कठड्यावर बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाले, "धक्क्याचं नाव हलत नाही. पत्ता हलत नाही. त्यांना मागच्याप्रमाणे चालेल. वारा हलतो. पाइपाचं रबर कुजतं. माणूस उठून जातो."

रविवारी अपेक्षानं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला. वडील म्हणाले, हेडमास्तर तिचा सत्कार ठेवायचा म्हणतायत, तारीख कळव. तिनं, कळवते, असं सांगितलं. मग माडीवर जाऊन एकतीस प्रश्नांची यादी काढली आणि प्रत्येकासमोर लिहीत गेली. हलत नाही. हलत नाही. पुढे हलतो. हलतो. संध्याकाळपर्यंत आठ न हलणारे निघाले आणि तेवीस हलणारे.

सोमवारी ती यादी घेऊन पुष्करसमोर उभी राहिली.

"बटण काढायचं?" पुष्करनं विचारलं.

"तेवीस प्रश्नांवरून. आठांवर राहू दे."

"क्लायंटनं सांगितलंय?"

"नाही."

"टेस्टिंगमध्ये बग आला?"

"नाही. एकदम बरोबर चालतं. तेच वाईट आहे."

पुष्करनं खुर्ची मागे घेतली. "अपेक्षा, पुढच्या आठवड्यात सुरू करायचंय. क्लायंटला अख्ख्या सिस्टिममध्ये एकच गोष्ट आवडलीय. ती आपण आपणहून काढायची, आणि कारण काय लिहायचं? बिघडली नाही म्हणून?"

तिनं त्याला महिपतीचं सांगितलं. काकांचं नाव घेतलं नाही. एका गोदामात असं झालं होतं, एवढंच. खाली सनई चालू होती. पुष्करनं मध्ये एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही, आणि हे त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं.

"ती बाई आत होती?" शेवटी त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं यादी तिच्या हातून घेतली. "मेल तू लिही," तो म्हणाला. "मला सीसीत ठेव. आणि 'सॉरी'नं सुरुवात करू नकोस. सॉरी म्हटलं की लोक पुढचं वाचत नाहीत."

उत्तर दोन दिवसांनी आलं, बेताचंच. तिथल्या प्रमुखांनी लिहिलं होतं की त्यांच्या कागदी अर्जांतही ते नाव कित्येक महिने एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत असायचं, आणि हे आपण इतके दिवस नुसतं पाहत होतो, हे आत्ता लक्षात आलं. बटण तेवीस प्रश्नांवरून काढा. एकोणिसाव्यात तर नाव दर वेळी नव्यानं लिहायला लावा, आधीचं नाव दाखवूसुद्धा नका. बाकी सगळं ठीक.

कंपनीच्या मालकांना मात्र ते ठीक वाटलं नाही. दिलेली सोय परत घेतली, हे तिथे जाऊन समजावून सांगायचं तर कुणीतरी सीनियर हवा, असं त्यांचं मत पडलं. तिकीट पुष्करच्या नावावर निघालं.

"मला वाईट वाटतंय असं मी म्हणणार नाही," जायच्या आदल्या दिवशी पुष्कर म्हणाला. "मला जायचंच होतं. पण तिकडे कुणी विचारलं, कोणी केलं, तर तुझं नाव सांगीन."

"कुणी विचारणार नाही," अपेक्षा म्हणाली.

"तेही आहे."

दारव्ह्याला वडील फोनवर म्हणाले, असू दे, पुढच्या वेळी. नकाशा मात्र त्यांनी स्टाफरूममधून परत आणला नाही. तो उतरवायला गेलो तर लोक विचारतात, म्हणाले.

पहिलं जहाज एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लागणार होतं. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. तिथे अर्जात भरलेलं प्रत्येक उत्तर इथे अपेक्षाच्या पडद्यावर वेळेसकट उमटायचं. ती ते पाहत एकटीच बसली होती. साडेसहाच्या सुमाराला खांबेटे काका दोन जिने चढून धापा टाकत आले. हातात डबा.

"काकूंनी दिलाय," ते म्हणाले.

"काका, मी आठला घरीच येणारे."

"मी तिला तेच म्हटलं," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

पहिली आठ उत्तरं एकदम उतरली. ती न हलणारी. नववं आलं, दहावं आलं. मध्ये एक-दोन मिनिटं जायची. कुणीतरी पाइपाचे जोड पाहत असावं, निदान पाहिल्यासारखं करत असावं. अठरावं सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी उमटलं. मग एकोणिसावा रकाना उघडला आणि रिकामा राहिला.

तीन मिनिटं झाली. पाच झाली.

"लाइन तुटली का?" काकांनी विचारलं.

"नाही. रकाना उघडाच आहे."

"मग भरत का नाहीत?"

"काका, मला इथून काय दिसणार?"

काका पडद्याकडे वाकून बघत राहिले, जणू त्या चौकोनात डोकावलं तर पलीकडचा धक्का दिसेल. त्यांचे हात डब्यावर होते. डबा अजून गरम असणार, पण त्यांनी हात काढले नाहीत. आठ मिनिटं झाली. खाली कार्यालयात उद्याच्या लग्नाच्या खुर्च्या लावत होते, त्यांचा आवाज येत होता. अपेक्षानं एकदा फोनकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

सहा त्रेपन्नला नाव उमटलं. एका अनोळखी माणसाचं नाव आणि आडनाव. ते पुरतं वाचता येण्याआधीच अपेक्षाचे डोळे भरून आले, म्हणून काकांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं. चुकीचं वाचलं, पण वाचलं.

"खरा असेल?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत."

"धक्क्याची लांबी किती आहे?"

तिनं पडद्यावर वर सरकून तिसरं उत्तर पाहिलं. "तीनशे ऐंशी मीटर."

काकांनी मनाशी हिशेब केला. तीस वर्षांत त्यांनी हा हिशेब करायचा टाळला होता, पण येत होता.

"टोकापर्यंत चालत जाऊन परत यायला अकरा मिनिटं लागतात," ते म्हणाले.

तेवढ्यात विसावा प्रश्न उघडला. तो वाऱ्याचा होता. अपेक्षानं डोळे पुसले आणि दोघं पुन्हा वाट पाहू लागले.