दम न घेणारा भोंगा

मी एक जुना पितळी भोंगा आहे, मित्रांनो. तोंडाला पोचे आलेले, रबरी फुगा भेगाळलेला. हसा खुशाल! माझे कान अजून शाबूत आहेत.

उमेदीची वर्षं मी हिंमतराव ड्रायव्हरच्या कापसाच्या ट्रकवर काढली. माणूस जिभेने तिखट, पण हात सबुरीचा. जावयाला, शालिग्रामला, गाडी शिकवताना ते एकच बजावत, "जावईबापू, मागचा भोंगा आयकत जा. दोनदा वाजवून थांबते, तो वाट मांगते. जो दमच घेत नाही, त्याच्या डोक्यात भूत शिरलं समजा. त्याले वाट द्या अन् मोकळे व्हा."

आमच्याकडे रीत होती. हंगामाच्या मुहूर्ताला जो ट्रक खामगावच्या जिनिंगात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पहिला शिरेल, त्याच्या ड्रायव्हरला झेंडूचा हार. एका हारापायी माणसं जिवावर उदार होत, देवा रे!

एका मुहूर्ताला शालिग्राम पहिल्यांदाच सासऱ्याशिवाय गाडी हाकत होता. शेजारी त्याची बायको आशाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेली. बोथ्याच्या घाटात मागून, त्याच हारासाठी धावणाऱ्या इंद्रभान ड्रायव्हरचा ट्रक आला. त्याच्या विजेच्या भोंग्याने सूर धरला तो सोडलाच नाही. ट्रक कधी उजवीकडून तोंड काढी, कधी आमच्या पाठीला चिकटे.

"बांगड्या भर बे!" इंद्रभान ओरडला.

शालिग्रामचं डोकं फिरलं. त्याने माझा फुगा दाबून भोंग्याला भोंग्याने उत्तर दिलं आणि गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली. पुढे आंधळं वळण होतं. संपलं सगळं, असं मला वाटलं.

आशाबाईने फुग्यावरचा त्याचा हात घट्ट धरला. "जाऊ द्या ना त्याले! काऊन अंगावर घेऊन राह्यले? मले हार नाही पायजे, तुमी पायजे."

शालिग्रामने अपमान गिळला. गाडी डावीकडे, सागाच्या झाडाखाली थांबली. इंद्रभान शिव्या देत पुढे गेला, वळणाआड झाला. मग धाडकन आवाज आला. त्याचा भोंगा तरीही वाजतच होता, पण आता खालून, दरीतून. हळूहळू तो घोगरा झाला आणि बंद पडला.

शालिग्राम खाली धावला, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बातमी द्यायला तोच खामगावला पहिला पोचला. तो तोंड उघडायच्या आत लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. तो ढसाढसा रडला. दिवस मावळताना तोच हार त्याने इंद्रभानच्या देहावर ठेवला.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती गाडी येईल. मागून असा भोंगा आला तर उत्तर देऊ नका. बाजूला व्हा, जाऊ द्या त्याला.

आता मी हिंमतरावांच्या ओसरीवर असतो. आशाबाईची लेक खेळताना मला हातात घेते. दोनदा वाजवते आणि थांबते.