पेट्या त्रिंबकच्या, जोर हरिदासचा

हरिदास वीज कचेरीत कारकून होता, पण त्याचा खरा मान रविवारी दुपारी. अख्ख्या गल्लीत अँप्लिफायर त्याच्या एकट्याकडे, तोही स्वतः जुळवलेला, चांगला चाळीस वॅटचा. माणसं त्याच्या बैठकीत दाटीवाटीनं बसून रेकॉर्डी ऐकायची आणि शेजारचा कल्लप्पा दर गाण्याला म्हणायचा, "काय आवाज हाय, हरिदास!" गाणारा बाजूलाच राहायचा. हरिदासला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग समोरच्या त्रिंबकच्या मेव्हण्यानं कुवेतहून स्पीकर आणले. कंबरेएवढ्या दोन पेट्या. एकेक उचलायला दोन गडी लागले. त्या टांग्यातून उतरताना पाहूनच हरिदासच्या पोटात दुखायला लागलं. त्या रविवारी त्याच्या बैठकीत त्याची बायको शालन तेवढी उरली, आणि तीही भांडी आवरून "बघून येते की" म्हणत समोर गेली.

पण पेट्यांना जोडायला त्रिंबककडे होतं रेकॉर्ड प्लेअरमधलंच चिमुकलं यंत्र. गोधडीत तोंड घालून बोलावं तसा आवाज निघे, आणि वाढवला की फाटे. हे कळल्यावर हरिदासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो मुद्दाम बघायला गेला.

"उसाच्या गाडीला शेळी जुंपलीस की रं, त्रिंबक! ह्या पेट्यांना लई जोर लागतो. चार वॅटात त्या खोकायच्यासुदीक न्हाईत."

त्रिंबक साधा माणूस. म्हणाला, "मग तुजं मशीन आण की एक रविवार."

हरिदासला आधी वाटलं, कशाला देऊ? मरू देत पेट्या मुक्या. मग वाटलं, नेऊ या. जोर कुणाचा हे चारचौघांत दिसेल तरी!

रविवारी त्यानं अँप्लिफायर स्वतः उचलून नेला, तारा जोडल्या, रेकॉर्ड लावली. तबल्यावरचं बोट न् बोट ऐकू यायला लागलं. माणसं तोंडं उघडी टाकून बसली. हरिदास कौतुक झेलायच्या तयारीत खुर्चीवर सावरून बसला.

"काय पेट्या हायत, त्रिंबक!" कल्लप्पा म्हणाला.

"पेट्यांचं काय हाय, जोर माज्या..."

"गप की, ऐकू दे," कुणीतरी त्याला दटावलं. दुसऱ्या कुणीतरी चहाची रिकामी कपबशी त्याच्या अँप्लिफायरवर ठेवली.

हरिदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं गाणं चालू असतानाच बटण दाबलं आणि तारा उपटल्या. "तापलाय," तो म्हणाला. "जळंल." तापलं होतं दुसरंच काही, पण अँप्लिफायर बगलेत मारून तो घरी आला.

आपले स्पीकर जोडून त्यानं खिडक्या सताड उघडल्या. आता येतील झक मारत, असं म्हणत वाट बघत बसला. कुणी आलं नाही. समोर थोडी कुजबुज झाली, हशा झाला आणि मग एक बाई गायला लागली. गाणं कानडी होतं. आवाज मोकळा, भरदार, रस्ता ओलांडून थेट याच्या बैठकीत येणारा. कानाचा पक्का असलेल्या हरिदासला तो ओळखू येईना. त्रिंबककडची कुणी पाहुणी असेल म्हणून तो खिडकीशी गेला. दार उघडं होतं. माणसांच्या मधोमध, डोळे मिटून, शालन बसली होती.

शालन कर्नाटकच्या सीमेवरल्या मैंदर्गीची, तिला कानडी येतं हे त्याला माहीत होतं. गाता येतं हे माहीत नव्हतं. पेट्यांवर तो जळला होता ते काहीच नव्हे, असं त्याला आता झालं. आपल्या बायकोचा आवाज आपल्याआधी कल्लप्पानं ऐकावा! त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

दिवेलागणीला शालन परतली.

"तू गातीस हे मला कदी सांगितलं न्हाईस."

"माहेरी गायची की," शालन स्टोव्ह पेटवत म्हणाली. "हितं सारखं काय ना काय वाजतच असतंय. मी गुणगुणले की तुमी हात वर करता, गप म्हणून."

हरिदासनं उठून अँप्लिफायरची वायर काढली. "आता म्हण. मी ऐकतो."

शालननं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच.

"आता सैपाक हाय. पुढच्या रविवारी त्रिंबकभावजींनी परत बोलावलंय. तितं या ऐकायला," ती म्हणाली. "लौकर या पण. दाटी हुती."