दुसरा हात

"अहो, थांबा! दार नको!" बायको ओरडेपर्यंत रंगाऱ्याने चौकटीवर शेवटचा फटकारा ओढलासुद्धा होता.

मागे सरून त्याने आपलं काम डोळे भरून पाहिलं, हात पुसले आणि स्कूटरची किल्ली काढायला खिशात हात घातला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दार बंद, चौकटीसकट आतून ओलंचिंब, घाईघाईत कडीलाही रंग फासलेला, आणि ते दोघं आत! जायच्या वाटेचं दार उघडं ठेवून रंगवायचं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण या गृहस्थाचं मन सकाळपासून पलीकडच्या कामावर जाऊन बसलेलं होतं, इथे नुसते हातपाय होते.

"घेतलंत ना स्वतःला कोंडून!" बायको पोट धरून हसली. "आता वाळेपर्यंत बसा गप."

"बसू? तिकडे ठेकेदार बोंबलत असेल."

"मग उघडा दार. नि परत घासा, परत रंगवा."

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला गज होते, नाहीतर त्या मार्गाने उतरायलाही तो मागेपुढे पाहता ना. धंद्यातले लोक त्याला वादळ म्हणत आणि त्याला ते नाव भारी आवडे. रंगकामात थराला हात म्हणतात. पहिला हात वाळेपर्यंत बाकीचे रंगारी पाय पसरून गप्पा मारतात. वादळ तेवढ्यात हेल्मेट चढवून दुसऱ्या घरी एक छत उरकून यायचं. मोठ्या भिंती त्याच्या, आणि कडा, कोपरे, भिंतीच्या पायथ्याची रेघ बायकोची. ती डावरी. तिचा ब्रश इतकी वर्षं एकाच हातात फिरून डावीकडे तिरपा झिजला होता, आणि त्या तिरप्या ब्रशाने ती अशी रेघ मारायची की पट्टी लाजावी. म्हणून ठेकेदार तिला रेघवहिनी म्हणायचा.

तर वादळ बसलं. नाइलाजाने, जमिनीवर, भिंतीला पाठ न लावता. आधी जांभई दिली, मग मान मोडली, मग पाय हलवले. बायकोने थर्मासमधला चहा ओतला. समोरच्या खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं आणि ते नेमकं पायथ्याच्या रेघेवर पडलं होतं.

रेघ थरथरत होती.

म्हणजे वाकडी नव्हती, तिची रेघ वाकडी कशी असेल! पण भिंतभर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारीक हलत गेलेली. त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. गेल्या काही घरांत अशा रेघा त्याला दिसल्या होत्याच की. जाता जाता ओल्या फडक्याने त्या सरळ करायच्या आणि "ब्रश गेला तुझा" म्हणत पुढे पळायचं. नवे ब्रशही आणून दिले होते, चांगले भारीतले. ते तिच्या पिशवीत तसेच कोरे पडले होते.

त्याने वळून पाहिलं. ती दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होती. डाव्या हातावर उजवा दाबून.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने कप खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतला. "मागच्या थंडीपासून. ताईने डॉक्टरकडे नेलं होतं. गोळ्यांनी आवरतं थोडं. पण जाणार नाही म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला तुम्ही थांबलात कधी?" ती चिडली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "एकदा सुरुवात केली, तर तुम्ही हेल्मेट घातलंत. एकदा जेवताना तोंड उघडलं, तर तुमचा फोन वाजला. मग म्हटलं, जाऊ दे. सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतंत. हो की नाही, खरं सांगा."

खरंच होतं. रोजच्यासारखा असता तर स्कूटरला किक मारता मारता त्याने फैसला करून टाकला असता. "उद्यापासून तू आराम कर, मी माणूस बघतो." आणि वर आपण किती मायेने वागलो म्हणून खूश होऊन गेला असता. आत्ताही ते शब्द जिभेवर आले होते. पण जायला कुठे जागाच नव्हती. त्याने ते गिळले आणि नुसता तिच्याकडे पाहत राहिला. किती दिवसांत नीट पाहिलं नव्हतं बाईकडे. त्याला रडू आलं, आणि ते लपवायलाही त्या रिकाम्या खोलीत आडोसा नव्हता.

फोन वाजला. ठेकेदार. "वादळ, अहो कुठे आहात?"

"नाही येत आज. वाळतंय."

"वाळतंय तर वाळू द्या की! तुम्ही कधीपासून वाळायची वाट बघायला लागलात?"

"आजपासून," म्हणून त्याने फोन बंद केला.

दुपार कलली, भिंत हाताला कोरडी लागली. दुसऱ्या हाताची वेळ झाली. बायको सवयीने उठली, तसा त्याने डबा पालथा घालून तिला त्यावर बसवलं.

"रेघ मी मारतो. तू सांग."

"तुम्ही? छत रंगवणारा माणूस! भिंतीची पार वाट लावाल."

"म्हणून तर तू हवीस. मला ओरडायला दुसरं कोण आहे?"

आणि तिने ओरडून घेतलं, अगदी मनसोक्त. "दाबू नका. अहो, कुठे पळताय, गाडी चुकतेय का? श्वास सोडत ओढा. हं. आता उचलू नका, उचलू नका म्हटलं ना!" पहिली भिंत त्याला पुन्हा करावी लागली. दुसरीला तिने नुसतं हूं केलं. शेवटच्या भिंतीच्या टोकाला तो पोचला तेव्हा मागून काहीच आवाज आला नाही. त्याने घाबरून वळून पाहिलं.

"बरी आली," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं ऐकायला लोकांची हयात जायची. "उद्या किती वाजता निघायचं?"

"तू म्हणशील तेव्हा."

दारही वाळलं होतं. तो बादली धुऊन येईपर्यंत तिने आपला जुना ब्रश स्वच्छ करून ओल्या फडक्यात गुंडाळला होता. रोज तो तिच्या पिशवीत जायचा. आज तिने तो त्याच्या पेटीत ठेवला आणि पिशवी खांद्याला अडकवून जिन्याकडे निघाली.

डावीकडे झिजलेला तो ब्रश त्याच्या उजव्या हाताच्या काही कामाचा नव्हता. त्याने तो पेटीत सगळ्यात वर ठेवला, झाकण हळूच लावलं, आणि तिच्या चालीने एकेक पायरी उतरू लागला.