काचेच्या पेटीतलं सारवण

सासूबाईंनी परातीतल्या वाळूची चिमूट जिभेवर ठेवली, जरा थांबल्या आणि मोरीत जाऊन थुंकल्या.

"खारीच हाय अजून."

"आई, सकाळपासून धुतेय मी ती."

"मंग संध्याकाळपर्यंत धू. दर्याची वाळू हाय, अशी गोडी होते काय?"

दक्षा पोट धरून हसत होती. "आजी वाळू खाते! आजी वाळू खाते!"

"खाल्ली नाय, चाखली. तुझी आई उंदरांना वाळूची अंघोळ घालणार. त्यांच्या डोळ्यांत मीठ गेलं म्हंजे?"

"उंदीर नाहीत गं ते! हॅमस्टर!"

"हां, तेच. बिनशेपटीचे उंदीर."

हे बिनशेपटीचे उंदीर माझ्या भावाने वापीहून आणले होते, दक्षाच्या वाढदिवसाला. दोन होते, दोन्ही मुठीत मावतील एवढे. तपकिरी होता त्याचं नाव चिकू आणि लांबट होती तिचं नाव शेंग. सोबत लाल तारांचा पिंजरा आणि त्यात एक प्लास्टिकचं चाक. पहिले काही दिवस सगळ्या मसोलीतली, आमच्या वस्तीतली मुलं आमच्या खोलीत. मग गर्दी ओसरली आणि मला तो आवाज ऐकू यायला लागला. दिवेलागणीला मी बाळाला पाजायला बसायची, आणि कोपऱ्यातून कर्र, कर्र, कर्र. शेंग तार चावत असायची. थकायची, बाजूला बसायची, पुन्हा उठून तीच तार चावायची.

बाळ झोपलं की मोबाइलवर मी शोधत बसायची. त्यात कळलं की यांचे मूळचे भाऊबंद दूर कुठे कोरड्या माळावर बिळं करून राहतात. ह्यांना हिंडायला जागा लागते, पण त्याहून जास्त खणायला माती लागते. मग माझ्या डोक्याने घेतलंच. डहाणूतल्या मासळीवाल्याकडे नव्हे, शोभेच्या माशांच्या दुकानदाराकडे एक मोठी काचेची पेटी पडून होती. गळकी होती म्हणून कुणी नेत नव्हतं. नविन ती रिक्षात मागच्या सीटवर झोपवून घेऊन आला. नविन म्हणजे माझा नवरा. डहाणू रोड स्टेशनला त्याची रिक्षा असते.

"पॅसेंजर सोडून काचा वाहतोय मी," तो म्हणाला. "उद्या यांना एसी पण लागेल."

एसी नाही, पण उन्हाळा होता, त्यामुळे पेटी खिडकीपासून लांब ठेवली. कैनाडहून, माझ्या माहेरून, भाताचं तूस आणि पेंढा आला. नारळाच्या शेंड्या सोडवून, कुटून मऊ केल्या. माती उन्हात तापवून चाळून घेतली. हे सगळं एकत्र करून पेटीत वीतभराहून उंच थर द्यायचा होता.

सासूबाई आधी लांब बसून बघत होत्या. त्यांचं नाव सोनीबाई. तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. सगळा जन्म भात आणि नागली पिकवण्यात गेला, आणि त्या दोन्हींवर टपलेल्या उंदरांशी भांडण्यात.

"आम्ही बिळं बुजवून बुजवून म्हातारी झालो," त्या म्हणाल्या, "आणि तू त्यांना बिळं करून देते."

"मी नाही देत. ते स्वतः करतात. मी फक्त माती देते."

"मंग माती तरी नीट दे. अशी भुसभुशीत टाकशील तर बीळ उभं राहील काय?" असं म्हणून त्या सरकून जवळ आल्या. पदर खोचला. माती ओलसर करून तळव्याने दाबायला लागल्या. मी म्हटलं, ओली नको, बुरशी धरते. त्या म्हणाल्या, सुकू दे. दोन दिवस आमचं हेच चाललं. काही त्यांचं ऐकलं, काही माझं, आणि थर बसला. बांबूच्या कांड्या आडव्या पुरल्या. एक छोटं मडकं कलतं ठेवलं, आत गार राहायला. सासूबाईंनी आपल्या गाठोड्यातून नागलीची वाळलेली कणसं काढून पेटीत उभी रोवली. चिकू कणसावर चढून ते वाकवायचा आणि गालात दाणे भरायचा, तेव्हा त्या "बघ मेल्याची लबाडी" म्हणायच्या, पण कौतुकाने.

एक चपटा दगड मात्र मी मातीवर न ठेवता पार तळाला, काचेवर टेकवला.

"वरती ठेव ना. दिसंल तरी," त्या म्हणाल्या.

"वर ठेवला आणि त्यांनी खालून पोखरलं, तर अंगावर बसेल."

त्या हाताची माती झटकून उठल्या आणि मागच्या गॅलरीत जाऊन बसल्या. मला उशिरा उमगलं, मी काय बोलून गेले ते.

गेल्या हिवाळ्यात तलासरीकडच्या जमिनीला भूकंपाचे हादरे बसायला लागले ते थांबेचनात. माणसं थंडीत बाहेर, प्लास्टिकखाली झोपायची. नविनने हौसेने आईला कुडाच्या खोलीच्या जागी विटांची खोली बांधून दिली होती. एका हादऱ्यात त्या खोलीच्या मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत भेग गेली. जुनं कुडाचं स्वयंपाकघर, कारवीचं आणि शेणामातीचं, ते मात्र नुसतं हललं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी नविनने आईला रिक्षात घातलं आणि इथे आणलं. "जमीन शांत झाली की नेतो," म्हणाला.

तेव्हापासून त्या विचारायच्या. होळीच्या आधी विचारलं, होळीनंतर विचारलं. नविन म्हणायचा, "बघू." मीही म्हणायची, "बघू ना आई." आमच्यापुरतं ते उत्तर होतं. तिथे भेग पडलेली भिंत आणि एकटी बाई, तिला पाठवणार कसं? पण इथे त्यांना करायला काही नव्हतं. वरच्या मजल्याची खोली, खाली लादी. त्या लादीवर अनवाणी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "गार लागतं बरं. पण हिला काय सारवायचं?"

आखातीजेच्या दिवशी मी दक्षाला आणि बाळाला घेऊन बाजारात गेले होते. आंबे घेतले, दक्षाला चप्पल घेतली. परत यायला दुपार टळली. दार उघडलं तर खोलीत शेणाचा वास. ओळखीचा, माझ्या माहेरच्या सणासुदीचा वास. क्षणभर छानच वाटलं. मग दक्षाची किंकाळी आली.

काचेच्या पेटीतली माती तुळतुळीत सारवलेली होती. कडेपासून कडेपर्यंत, बोटांच्या अर्धगोल फराट्यांसकट. पंख्याखाली ती वाळून घट्ट झाली होती. मधोमध तांदळाच्या पिठाने पांढरा चौक काढला होता, चारही कोपऱ्यांना बारीक ठिपके. इतका सुबक होता तो. आणि एकही बीळ दिसत नव्हतं.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. हात धुतलेले होते, पण नखांत हिरवं होतं. "आखातीज ना आज," त्या म्हणाल्या. "घरात तेवढीच माती. खालच्या तबेल्यातून शेण आणलं. कसं दिसतंय?"

"आजी, ते आत आहेत! तू भोकं बंद केलीस! ते आत आहेत!"

सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. मला दिसलं की त्यांना आत्ता कळतंय. जमीन सारवताना भोक दिसलं की बोटाने माती कोंबायची, वरून हात फिरवायचा. जन्मभर हात हेच करत आलेला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"हात गेला गं बाय," त्या एवढंच म्हणाल्या.

"तू मारलंस त्यांना!" दक्षा ओरडत होती. "तू जा! तू तुझ्या घरी जा!"

"दक्षा!" मी ओरडले. बाळ रडायला लागलं. मी चमचा घेऊन पेटीत हात घातला, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. जोरात.

"वरून टोचू नको. बीळ बसेल. बाजूने बघ."

आम्ही तिघी काचेला डोळे लावून जमिनीवर पालथ्या झालो. मडक्याच्या खाली काचेलगत एक पोकळी दिसत होती. त्यात पेंढ्याचा गोळा. हलत नव्हता. माती पोकळ आहे, तूस आहे, हवा जाते, असं मी दक्षाला सांगत होते आणि मलाच ते पटत नव्हतं. ती माझा पदर ओढत हुंदके देत होती. सासूबाई काचेवर गाल टेकून पडल्या होत्या, डोळे मिटून.

"खणतो," त्या म्हणाल्या.

मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. बांबूच्या कांडीपाशी, फार बारीक. चौकाची एक पांढरी रेघ तडकली. तिच्याखालून ढेकळाएवढा पोपडा वर उचलला गेला, खाली बसला, पुन्हा उचलला गेला. चिकूचं नाक बाहेर आलं. मिशांना पीठ लागलं होतं. तो पूर्ण बाहेर आला, अंग झटकलं आणि जणू काही झालंच नाही असा कणसाकडे गेला. त्याच वाटेने थोड्या वेळाने शेंगही आली.

दक्षा रडता रडता हसली. मी बाळाला उचललं. आम्हाला वाटलं, झालं, संपलं.

संध्याकाळी नविन आला, तर सासूबाईंचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं.

"आये, हे काय?"

"मना घरी सोड."

मी सगळं सांगितलं. दक्षा भिंतीला चिकटून उभी. नविनने तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. "आजीच्या पाया पड. सॉरी बोल आधी. असं बोलतात काय कोणी आजीला?"

"तिला कशाला दटावतो?" सासूबाई म्हणाल्या. "मी रागावली नाय तिच्यावर."

"मग गाठोडं कशाला? पोर आहे, बोलून गेली. तू काय मनावर घेतेस?"

"घेतलं मनावर. चांगलं घेतलं." त्या खाली बसल्या. दक्षाला मांडीत घेतलं, तिची वेणी सोडून पुन्हा घालायला लागल्या. नविनकडे न बघता बोलत होत्या. "तू म्हणतो, ते घर पडायला झालंय. ही म्हणते, तिकडचं घर. इतके महिने झाले, एकाने पण म्हटलं नाय. ही पोरगी बोलली. तुझ्या घरी जा, बोलली. तुझ्या."

नविन त्यांच्यासमोर खाली बसला.

"आये, सेफ नाही तिथे," तो म्हणाला.

"मना म्हाईत हाय."

एकदा बघून येऊ, असं नविन म्हणाला आणि रविवारी आम्ही सगळेच रिक्षातून निघालो. बाळ माझ्या मांडीवर, दक्षा आजीच्या कुशीत. तलासरी सोडल्यावर रस्ता चढायला लागला तशा सासूबाई बाहेर वाकून बघायला लागल्या. कोणाच्या वाडीत काय लावलंय, कोणाचा बैल बदलला, कोणाच्या घरावर नवा पत्रा.

विटांच्या खोलीला कुलूप होतं. नविनने भेगेत बोट घातलं, ते पेरापर्यंत गेलं. तो भिंतीशी तसाच उभा राहिला. सासूबाई तिकडे वळल्यासुद्धा नाहीत. कुडाच्या स्वयंपाकघरात शिरल्या, चूल पेटवली आणि कोरा चहा ठेवला. साखर आम्ही नेली होती.

चहा पितानाच हादरा आला. छोटा होता. आधी गडगडल्यासारखा आवाज, मग भांडी वाजली. नविनने दक्षाला काखोटीला मारलं, मी बाळाला छातीशी घेतलं, आम्ही अंगणात धावलो. सासूबाई मागून आल्या. हातात चहाची पितळी तशीच. धावल्या नाहीत.

"बघितलंस?" नविन म्हणाला. "आता तरी चल आये. मी हात जोडतो."

"बाज काढ बाहेर."

"काय?"

"बाज. आतली. त्या आंब्याखाली नको, फांदी पडंल. मधी ठेव. मी भिंतीखाली निजणार नाय, तुला शब्द देते. पावसापर्यंत इथे निजेन, पावसाचं पावसात बघू. पण इथे."

नविन उभाच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. मीही काही बोलू शकले असते, दोन्ही बाजूंनी. शेवटी मी बाळाला अंगणातच दक्षाच्या मांडीवर दिलं आणि बाजेची एक बाजू धरायला आत गेले. दुसऱ्या बाजूला तो आला. आम्ही बाज अंगणाच्या मधोमध आणून ठेवली. नविनने खाली वाकून चारी पाय हलत नाहीत ना ते पाहिलं. एकाखाली दगडाची चीप सरकवली.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. सासूबाई वाटेपर्यंत आल्या नाहीत. बाजेवर बसून त्यांनी दक्षाचे दोन्ही गाल धरले आणि तिला सोडलं.

रिक्षा उतारावर वळत होती, तेवढ्यात पलीकडच्या टेकाडावरून कुणा बाईने हाक मारली, "ए सोनी! आलीस काय गं?"

आणि अंगणातून उत्तर आलं. "आली गं सुके! आली!" सगळी शेतं ओलांडून, पलीकडच्या घरापर्यंत पोचेल एवढा आवाज. दक्षाने मान मागे वळवली. नविनने रिक्षा थांबवली नाही, फक्त हळू केली. इतके महिने त्या आमच्या घरात बोलत होत्या, भांडत होत्या, हसत होत्या. पण हा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.