दोरावरची जागा

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पाठीवर जड बॅग घेऊन जिना चढताना दिसला, तर इमारतीतल्या लोकांनी काय समजायचं? पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे वकील त्याला बघून लिफ्टच्या दारातून तसेच मागे वळले आणि पायी खाली उतरले. खाली जाऊन त्यांनी सांगितलं, लिफ्ट गेली. खालच्यांनी चौथ्या मजल्याला कळवलं, चौथ्याने आठव्याला. थोड्याच वेळात सगळी इमारत जिन्यावर धापा टाकत होती आणि लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी होती.

सहाव्या मजल्यावरच्या आजींनी कठडा धरून त्याला अडवलं.

"अहो लिफ्टवाले, कधी होणार दुरुस्त?"

"चालू आहे, आजी."

"मग तुम्ही जिन्याने कशाला?"

"सवय करतोय. हिमालयात जायचंय."

आजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तिथे लिफ्ट बसवताय?"

लिफ्टवाला हसला आणि पुढे चढू लागला. आजींचं काही चुकलं नव्हतं. उभा जन्म त्याने दुसऱ्यांना वर पोचवण्यात घालवला होता. तो स्वतः गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपलीकडे कधी गेला नव्हता.

बायको जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून लोक त्याला काचेच्या भांड्यासारखं जपत होते. कामावरचे साहेब अवघड काम आलं की दुसऱ्याला पाठवत. शेजारीण चहा द्यायची तो अर्धा कप, हात थरथरून सांडू नये म्हणून. त्याचा हात कधीच थरथरला नव्हता. जावई तर त्याच्या हातातली भाजीची पिशवीही काढून घ्यायचा. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, तुम्ही बसा. बसून बसून तो कंटाळला होता. बायको कधी 'तुम्ही बसा' म्हणाली नव्हती. ती म्हणायची, "बसलात काय?"

लेक लहान मुलांना पोहायला शिकवायची. अंगाने काटक, डोक्याने हट्टी, आईवर गेलेली. तिने एका गाईडबाईंकडे हिमालयातल्या ट्रेकसाठी नाव दिलं होतं. आधी काही दिवस चालायचं आणि शेवटी एक शिखर चढायचं. जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, "मीही येतो."

"बघू," लेक म्हणाली. दोन दिवस विचार करून ती म्हणाली, "तळावरच्या तंबूंपर्यंत चला, बाबा. तिथून आम्ही वर जाऊन येऊ. तुम्ही तिथे..."

"बसा," तो म्हणाला.

"मी असं म्हणाले का?"

"म्हणणार होतीस. तळ कशाला? माझं रोजचं काम तळमजल्यावरूनच सुरू होतं. मला वर जायचंय."

तो कधी कोणाकडे काही मागणाऱ्यातला नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी लेक त्याला घेऊन गाईडबाईंच्या ऑफिसात गेली.

ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर खुंट्यांना दोर टांगलेले, कोपऱ्यात हेल्मेटची चवड, रबराचा आणि ओल्या कॅनव्हासचा वास. गाईडबाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलणं मोजून मापून. त्यांनी कोऱ्या कागदावर एक रेघ ओढली. ती वर जाई, थोडी खाली येई, पुन्हा वर जाई.

"आधी दरीतून चालायचं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. मधे विश्रांतीचा दिवस येतो, पण त्या दिवशी विश्रांती नसते. वर चढून जायचं आणि झोपायला खाली यायचं. हवा विरळ झालीय हे शरीराला कळायला वेळ लागतो. ते मालकाचं ऐकत नाही."

"मग तळ?"

"मग तळ. तिथे बर्फावर चालायला शिकायचं. बुटाखाली काटे लावून, कमरेला दोर बांधून. मग वरचा मुक्काम. शिखराला अंधारातच निघायचं, म्हणजे ऊन चढून बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत खाली येता येतं. एक दिवस हवामानासाठी हातचा राखायचा."

लेकीने विचारलं, "ताई, याला नवख्यांचं शिखर म्हणतात ना?"

"म्हणतात. नवख्यांचं म्हणजे सोपं नाही. चूक झाली तर सुधारायला थोडा वेळ मिळतो, इतकंच. दुसरीकडे तोही मिळत नाही."

लिफ्टवाल्याला हे बोलणं आवडलं. त्याच्या धंद्यातलं होतं. "आमच्याकडे ब्रेकला ब्रेक असतो," तो म्हणाला. "एक गेला तर दुसरा धरतो."

"इथे एकच असतो, काका. मी."

डॉक्टरांनी त्याला आधीच तपासून हरकत नाही म्हटलं होतं. पण गाईडबाईंचा डॉक्टरांपेक्षा टेकडीवर जास्त विश्वास. "रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर या," त्या म्हणाल्या. "तुमचं चालणं बघते. मग ठरवू, तळापर्यंत की वरपर्यंत."

रविवारी तो नवे बूट घालून आला आणि चढ लागताच सुटला. इतके दिवस जिना चढल्याचा उपयोग झाला होता. पाय हलके पडत होते. लेक मागे राहिली, गाईडबाई तिच्याही मागे. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी होती. तिथे तो सगळ्यांच्या आधी पोचला, टाकीला पाठ टेकून उभा राहिला, आणि त्या दोघी आल्या तेव्हा त्याचा श्वाससुद्धा जाग्यावर आला होता.

गाईडबाई पाणी प्यायल्या. बाटलीचं झाकण लावलं.

"काका, तुम्ही तळापर्यंत."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी तर पहिला आलो."

"म्हणूनच. तुम्ही तुमच्या लिफ्टसारखे चालता. सुटलात की सुटलात, मग थांबलात, मग पुन्हा सुटलात. इथे चालून जातं. वर हवा निम्मी असते. दर वेळी थांबून सुटायचं म्हणजे छातीला हिसका. शिवाय दोराला आपण तिघं. एक थांबला की तिघं थांबणार, त्या थंडीत. मला हळू चालणारा माणूस चालतो. थांबणारा चालत नाही."

"मी कुठे थांबलो?"

"प्रत्येक वळणावर. थांबता, मागे बघता, आम्ही दिसलो की निघता. दम लागला म्हणून थांबला असतात तर मला कळलं असतं. दम तर लागत नव्हता."

तो थांबला होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. लेक खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आईसाठी थांबतात."

गाईडबाई टाकीच्या पलीकडे जाऊन उगाच दरीकडे बघत राहिल्या.

खरं होतं ते. लग्न झाल्यापासून तो पुढे आणि बायको मागे. दवाखाना असो, बाजार असो, कोणाचं लग्न असो, तो झपाझप पुढे जायचा आणि वळण आलं की थांबायचा. ती दिसली की पुन्हा चालू लागायचा. तिने कधी पावलं उचलली नाहीत आणि त्याने कधी आवरली नाहीत. कोपऱ्यावर गाठ पडली की ती विचारायची, "काय बक्षीस मिळालं पुढे येऊन?" तो म्हणायचा, "जागा धरली." कोपऱ्यावर धरण्यासारखी जागा कधीच नसे. पण दोघांचा संसार या बोलण्यावर छान चालला होता, आणि दोघांपैकी कोणालाही त्यात बदल करावासा वाटला नव्हता.

घरी येऊन तो कोणावर रागावला नाही. दोष कुठे आहे ते कळलं की निम्मं काम झालं, हा त्याच्या धंद्यातला नियम. दुसऱ्या दिवसापासून तो न थांबता जिना चढू लागला. म्हणजे लागणार होता. पहिल्या वळणावर पाय आपोआप थांबला आणि मान मागे गेली. त्याने स्वतःला दटावलं. दुसऱ्या वळणावर जपून गेला, तिसऱ्यावरही. चौथ्यावर वरच्या मजल्याचा विचार करत होता, तेवढ्यात पुन्हा थांबला.

एके संध्याकाळी लेक वर कठड्याशी उभी राहून त्याला बघत होती. दोन मजले त्याने नीट काढले. तिसऱ्याला गाडी अडली.

"ये रे माझ्या मागल्या," लेक हसून म्हणाली.

तो पायरीवर बसला. बॅगेचे पट्टे सैल केले. जरा वेळाने त्याने विचारलं, "यातला मागल्या म्हणजे कोण गं?"

लेकीचं हसू मावळलं. ती खाली उतरून त्याच्या शेजारी बसली. "म्हण आहे, बाबा."

"म्हण आहे," त्याने मान डोलावली.

तेवढ्यात खालून वकील आले. बापलेकीला पायरीवर बसलेलं पाहून त्यांचा चेहरा पडला. "आज खरंच बंद आहे का हो?"

"नाही, नाही. जा तुम्ही लिफ्टने."

वकील गेले. लिफ्टवाला उठला नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. एखादं बटण लिफ्टला सारखं चुकीच्या मजल्यावर थांबवत असेल आणि ते बदलता येत नसेल, तर तो तारेची जोडणी फिरवायचा. बटण तिथेच राहायचं, पण काम दुसऱ्या वाटेने व्हायचं. त्याने तिथूनच गाईडबाईंना फोन लावला.

"मॅडम, मला शेवटी चालवून बघा."

"शेवटी?"

"सगळ्यांच्या मागे. मागे कोणी नसेल तर थांबणार कोणासाठी?"

"पुढे चालायची सवय असलेल्या माणसाला मागे राहणं जमत नाही, काका. चार पावलांत ओलांडून जाल."

"ओलांडलं तर तळापर्यंत. मग मी शब्द काढणार नाही."

"रविवारी या," गाईडबाई म्हणाल्या.

त्या रविवारी गाईडबाई पुढे, मधे लेक, शेवटी लिफ्टवाला. पहिला चढ त्याला जड गेला. गाईडबाई इतक्या हळू चालत होत्या की मुंगीने वाट मागावी. त्याचे पाय सारखे पुढे जाऊ बघत होते. दोनदा त्याचा बूट लेकीच्या टाचेवर पडला. "बाबा, माझे बूट नवे आहेत," ती म्हणाली. त्याने पाऊल आखडलं. पुढे बघायला वाट नव्हती, लेकीची पाठ होती. मग तो तिच्या टाचा बघत चालू लागला. डावी, उजवी. तिची डावी टाच जरा बाहेर पडायची. तिच्या आईचीही पडत असेल का? इतकी वर्षं बायको मागून त्याच्या टाचा बघत चालली होती. त्याने तिच्या कधी बघितल्या नव्हत्या.

पहिलं वळण आलं. त्याची मान मागे गेली. मागे वाट होती आणि वाटेवर कोणी नव्हतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण वळणावर उभं राहून ते बघणं निराळं. इकडे लेकीच्या टाचा मात्र थांबल्या नव्हत्या. थांबला असता तर अंतर पडलं असतं. त्याने मान पुढे घेतली आणि पाऊल टाकलं.

दुसऱ्या वळणावर मान पुन्हा गेली, पण पाय चालत राहिले. तिसऱ्यावर मान अर्धीच गेली. मग वळणं कधी आली आणि कधी गेली ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही. श्वास आणि पाऊल एका ठेक्यात पडू लागलं. टाकी आली तेव्हा तो सगळ्यांच्या शेवटी पोचला, आणि आल्या आल्या बसलाही नाही.

"चढणं जमलं," गाईडबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दोर काढला, स्वतःच्या कमरेला बांधला, मग लेकीच्या, मग त्याच्या. गाठी ओढून बघितल्या. "आता उतरणं. उतरताना क्रम उलटतो. मी शेवटी, म्हणजे कोणी घसरलं तर वरून धरता येतं. तुम्ही सगळ्यांच्या पुढे."

लिफ्टवाल्याला वाटलं, झालं, आता सगळं मुसळ केरात. "म्हणजे पुन्हा मी पुढेच."

"हो. आणि थांबायचं नाही, मागे बघायचं नाही."

"मागची येतेय की नाही ते कळणार कसं?"

"दोर सांगेल. ताणला तर तुम्ही जास्त वेगात आहात. लोंबला तर जास्त हळू. बरोबर असला तर काही सांगणार नाही. हे जमलं तर शिखराला तुम्ही. नाही तर नाही."

तो निघाला. सुरुवातीला कमरेला हिसका बसला. त्याने पाऊल लहान केलं. मग दोर पायात आला, त्याने थोडं लांबवलं. असं करत करत दोर नुसता कमरेशी राहिला, ना ओढ ना सैल. उताराला वारा होता. मागे लेकीचे बूट वाजत होते की नाही ते ऐकू येत नव्हतं.

वळण आलं. मान फिरायला निघाली. त्याने एक हात मागे नेऊन दोरावर ठेवला. दोर हलत होता, कोणी चालत असल्यासारखा. तो वळण घेऊन पुढे निघाला.

टेकडीच्या पायथ्याला गाईडबाईंनी गाठी सोडल्या आणि दोर कोपरावर गुंडाळायला घेतला. लिफ्टवाला उभा राहून वाट बघत होता. त्या गुंडाळत राहिल्या. शेवटचा वेढा घालून म्हणाल्या, "निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा, काका. उतरताना बोटं बुटात घुसतात. शिखरावरून येताना जास्तच."

लेकीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बाबा, तुम्ही एकदाही मागे बघितलं नाहीत."

"बघायचं काय? तू आहेस हे कळत होतं."

"कसं?"

"डावीकडे ओढतेस जरा," तो म्हणाला, आणि दोघींबरोबर गाडीकडे चालू लागला.