पहिल्या कातरणीची लोकर

बायको पडली, कमरेचं हाड मोडलं आणि तिनं अंथरूण धरलं. तिसऱ्या आठवड्यात डावी टाच लाल झाली. नर्सबाई म्हणाली, "कातडी फुटली तर या वयात लवकर भरून येत नाही. टाचेखाली मऊ काहीतरी द्या."

मऊ म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं मी कारखान्यात लोकर निवडतो. कोकराची पहिली कातरण म्हणजे त्याचं जावळच. त्या केसाच्या टोकाला कात्री लागलेली नसते, म्हणून ते निमुळतं असतं, टोचत नाही. पुढच्या वर्षीचा केस दोन्ही टोकांना बोथट.

मी कारखान्यातून पहिल्या कातरणीचं एक पोतं घरी आणलं, नेहमीसारखं बोटांनी चाचपून निवडलं, न चोळता कोमट पाण्यात धुतलं, सावलीत वाळवून पिंजलं आणि जुन्या मऊ कापडात भरून उशी शिवली.

"टोचते," बायको म्हणाली.

"अगं, कोकराची आहे."

"मग त्याच्या आजोबांची मिसळली असेल."

मी रागावून बाहेर जाऊन बसलो. दोन दिवस ती पाय उशीवरून सरकवत राहिली आणि टाच जास्तच लाल झाली.

सून कारखान्यात माझ्याच शेजारी बसते. तिनं उशीची शिवण उसवली, चिमूटभर लोकर वरच्या ओठावर फिरवली, मग खिडकीशी उजेडात धरली.

"बाबा, निम्मी बोथट आहे."

"पोत्यातच मिसळून आली असेल."

"असेल," ती म्हणाली.

मिसळून तर नेहमीच येते. ती वेगळी करायला म्हणून तर मला ठेवलंय. वर्षभर सदऱ्याची बटणं लावताना बोटांना काही कळत नव्हतं, आणि मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

"बोटं गेली गं माझी," मी म्हणालो. "तू निवड. मी धुतो."

तिनं दुपारभर बसून एकेक बट ओठावर लावून पाहिली. नवी उशी टाचेखाली गेली तेव्हा बायकोचा पाय तिथेच राहिला. पाचव्या दिवशी लाली उतरली. नर्सबाईनं टाच दाबून पाहिली आणि मान डोलावली.

सोमवारी मी मुकादमाला सांगितलं, निवडीचं टेबल सुनेला द्या. आता मी धुण्याच्या हौदावर असतो. पाणी किती कोमट झालंय ते कोपर बुडवून बघतो.