लागेल कधीतरी

सोमवारपासून आमच्या घरातला बिनकामाचा माल स्वतःच्या पायानं घंटागाडीत जायला लागला.

कोपऱ्यावर गाडीचं गाणं ऐकू आलं की सुरुवात व्हायची. आधी मागच्या वर्षीचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं आणि दाराच्या फटीतून गेलं. मग झाकण हरवलेला थर्मास. त्याच्यामागून बाल्कनीतली व्यायामाची सायकल निघाली, तिच्यावर वाळत घातलेलं माझं बनियन तसंच घेऊन. बनियन वापरातलं होतं, त्यामुळे ते अर्ध्या जिन्यातून परत आलं.

"बरं झालं," माझी बायको हेमलता म्हणाली. "किती वर्षं सांगतेय, टाका ती सायकल."

स्वयंपाकघराच्या दारामागची पिशव्यांची पिशवीसुद्धा खुंटीवर हलायला लागली होती. तिच्यातली एकही पिशवी आमचं लग्न झाल्यापासून बाहेर आलेली नाही. हेमलतानं तिच्यावर थाप मारली आणि म्हणाली, "असू दे गं. लागेल कधीतरी." पिशवी गप्प झाली.

कॉलनी खूश होती. वाकायला नको, ओलं-सुकं वेगळं करायला नको. सालं आपसूक हिरव्या डब्याकडे जायची, डबे-बाटल्या निळ्याकडे. खालच्या वैद्यांचा सोफा तर गाडीत चढताना मागे वळूनही बघत नव्हता.

मंगळवारी गाणं लागलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. माझा उजवा पाय उठला. वाटलं, मुंगी चावली असेल. मग डावाही उठला आणि मी पेपरसकट दारापर्यंत चालत गेलो.

जूनमध्ये मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो होतो.

"कुठं निघालात?"

"बहुतेक खाली."

"मग चपला तरी घाला."

चपला घालेपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत गेलं आणि पाय थांबले. तेवढ्यावर निभावलं.

बुधवारी मी सकाळीच कामाला लागलो. कामाच्या माणसाला कोण नेणार? लसूण सोलायला घेतला.

"राहू दे हो," हेमलता म्हणाली, "सालीबरोबर निम्मा लसूण टाकताय."

गाणं नव्हतं, काही नव्हतं, तरी मी दाराकडे एक पाऊल सरकलो.

"बरं, गॅसचा नंबर लावतो."

"लावला मी मोबाइलवरून."

अजून एक पाऊल.

"पडद्याचा रॉड निसटलाय, तो बसवू का?"

"नको. मागच्या वेळी भिंत पाडलीत. माणूस येणारेय त्याला."

मी उंबरठ्यावर उभा होतो.

"अगं, मग मी करू तरी काय?"

"काही नको. बसा ना निवांत."

त्यासरशी मी दाराबाहेर गेलो आणि गाणं लागलं.

जिना त्या दिवशी खाली खाली अरुंद होत गेला. शेवटी शेवटी तर मला आडवं होऊन घरंगळत उतरावं लागलं. खाली गाडी उभी होती. गाडीवरची सगुणा तोंडाला ओढणी बांधून, लोखंडी आकडा घेऊन माझीच वाट बघत होती.

"ओला का सुका, काका?"

"माणूस आहे गं मी."

"माणसाचा डबा नाही गाडीला. ओला का सुका तेवढं बोला, पुढची गल्ली ताटकळलीय."

गाडीत निळ्या बाजूला शेजारचे इंगळे बसलेले दिसले. ते बँकेत होते, माझ्या आधी रिटायर झाले.

"इंगळे, तुम्हीसुद्धा?"

"बसायला जागा आहे," इंगळे म्हणाले. त्यांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. "पण वेगळं करून घेतात. कवळी इकडं ठेवली माझी. सर्दी तिकडं, हिरव्यात."

सगुणानं माझा दंड दाबून बघितला, मग पोट. तिनं मान हलवली.

"मिक्स आहे. असं घेत नाही आम्ही. घरनं वेगळं करून द्यायचं, नाहीतर डेपोवर मशीन करतंय."

"मशीन कसं करतं?"

"चाळणी असती की मोठी." तिनं आकडा माझ्या कॉलरीत अडकवला आणि वर तोंड करून ओरडली, "कुणाचे हो हे?"

मिक्स कचऱ्याला दंड असतो. सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली आणि सगळ्यांनी हात वर केले.

"आमचे नाहीत."

"आमच्यात असलं निघत नाही."

"रात्री कुणीतरी बाहेरचं टाकून जातं बघा," वैद्य म्हणाले. काल संध्याकाळीच ते माझ्याकडून चहापत्ती घेऊन गेले होते.

मग आमच्या बाल्कनीत हेमलता आली. हाताला कणीक होती.

"आमचेच आहेत," ती म्हणाली.

"मग द्यायचेत ना?"

हेमलतानं माझ्याकडे बघितलं. भाजीवाल्याकडे दुधी उलटापालटा करून बघते, तसं. सगुणानं आकडा थोडा ओढला. माझ्या टाचा उचलल्या गेल्या. कॉलरीचं बटण तुटून टणटण करत निळ्या डब्यात गेलं.

"कशाला?" हेमलता शेवटी म्हणाली. "असू देत. लागतील कधीतरी."

सगुणानं लगेच आकडा सोडवला. या वाक्यापुढे नगरपालिकेचंही काही चालत नाही.

"आधी सांगायचं की, वहिनी," ती कुरकुरली आणि गाडी इंगळ्यांना घेऊन पुढे गेली.

वर आल्यावर हेमलतानं हात धुतले. मला स्वयंपाकाच्या कट्ट्यावर आडवं केलं आणि पायांकडून तळव्यानं दाबत दाबत सगळी हवा काढली. मग उभी घडी, मग एका कोपऱ्यातून तिरकी, परत तिरकी. शेवटचं टोक आत खोचल्यावर मी समोशाएवढा झालो. बरोब्बर बसलो. इतकं नीट मला कुणी कधीच ठेवलं नव्हतं. तिनं मला पिशव्यांच्या पिशवीत टाकलं आणि खुंटीवर अडकवलं.

आत उबदार होतं. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या, साडीच्या दुकानांच्या नाडीवाल्या पिशव्या होत्या, आणि हेमलताचे वडील अण्णा होते. ते धाकट्या मुलाकडे राहायला गेलेत अशी आमची समजूत होती.

"आलात का जावईबापू? सरका. त्या जरीच्या पिशवीला रेला, मऊ आहे."

"अण्णा, इथून टाकतात का?"

"छे! हिची आई अशीच होती. ठेवायचं, जपायचं. टाकायचं नाव नाही आणि वापरायचंही नाही."

बाहेर गाणं लागलं. मी वाट बघितली. माझं एकही टोक हललं नाही. जूनपासून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी अण्णांच्या शेजारी गाढ झोपलो.

जाग आली ती इंगळेवहिनींच्या आवाजानं.

"हेमाताई, एखादी पिशवी आहे का हो? ह्यांना परत आणावं म्हणते. नळाला पाणी आलं की मोटर लावायला तेच उठायचे. पण आता वेगळे वेगळे झालेत, हातात कसे आणू?"

"असेल की. केवढी हवी?"

"माणूसभर. पण गळकी नको हं, सर्दी आहे ह्यांना."

वरून हेमलताचा हात आत आला. अण्णांनी अंग चोरलं. दुधाच्या पिशव्या चुरचुरत बाजूला झाल्या. हातानं जरीची पिशवी चाचपून सोडून दिली, मग मला धरलं, वर काढलं आणि फटकन झटकून पूर्ण उलगडलं.

"ही चालेल? जुनी आहे, पण दणकट आहे."

"फाटली नाही ना कुठं?"

"थांबा, बघते."

हेमलतानं मला खिडकीच्या उजेडात धरलं. मग माझ्या तोंडाशी तोंड आणून जोरात फुंकर मारली आणि वरून मूठ आवळली. मी टम्म फुगलो, आणि त्या दोघी माझ्या पोटाला कान लावून हवा कुठून जातेय का ते ऐकायला लागल्या.